धागा: व्हॅलेन्सियात राहून दूरस्थ काम – घराचा करार, कागदपत्रं, कर, वीज आणि वेळ

तुरियाकाठ

स्पेनमध्ये राहून बाहेरच्या कंपनीचं काम करायची मुभा २०२२ च्या २८ क्रमांकाच्या कायद्याने मिळाली. तेव्हापासून व्हॅलेन्सियाबद्दल इकडेतिकडे विखरून प्रश्न येतात. म्हणून हा धागा. सामान्य कौतुक नको, कामाचं लिहा.

माझं ठाम मत असं की या शहरात गाडी अडते ती घरापाशी. व्हिसा वेळेत मिळतो, पगारही येतो, पण हातात धड भाडेकरार नसला की पालिकेची रहिवासी नोंद (इथल्या बोलीत 'पाद्रोन') होत नाही आणि त्या नोंदीशिवाय सरकारी दवाखान्याचं कार्ड, मुलांची शाळा, काही काही तर बँकसुद्धा पुढे सरकत नाही.

करार दोन प्रकारचे. कायम राहण्याचा करार असेल तर भाडेकरूला पाच वर्षांपर्यंत राहण्याचा हक्क असतो, मालक कंपनी असेल तर सात. भाडेकरू मात्र सहा महिन्यांनंतर ३० दिवसांची नोटीस देऊन कधीही सोडू शकतो. अनामत एक महिन्याची, त्यावर जादा हमी जास्तीत जास्त दोन महिन्यांची. दलालाची फी २०२३ च्या गृहनिर्माण कायद्यापासून मालकाने द्यायची. दुसरा 'तेम्पोरादा', म्हणजे हंगामी करार, बहुधा ११ महिन्यांचा. त्यात अनामत दोन महिन्यांची, दलाली तुमच्याच माथी आणि मुदत संपली की बाहेर. दूरस्थ काम करणाऱ्याला मालक हाच दुसरा करार पुढे करतात, कारण दाखवायला स्पॅनिश पगारपत्रक नसतं.

यावर उपाय म्हणजे भाडं थकल्यास मालकाला भरपाई देणारा विमा. त्याची विमा कंपनी तुमची मिळकत तपासते. भारतातली सहा महिन्यांची बँक विवरणं, कामाचा करार आणि व्हिसाचा आदेश यांची स्पॅनिश प्रत तयार ठेवा, बोलणी सोपी होतात.

शोध कधी घ्यावा? हे विद्यापीठांचं गाव आहे. १४९९ पासूनचं व्हॅलेन्सिया विद्यापीठ आणि शेजारचं पॉलिटेक्निक, दोन्हीकडची मुलं सप्टेंबर ते जून अशा दहा महिन्यांच्या करारावर खोल्या घेतात. ऑगस्टचा शेवट आणि सप्टेंबर हा घर शोधायचा सगळ्यात वाईट काळ. जुलै-ऑगस्टमध्ये विद्यार्थ्यांच्या रिकाम्या खोल्या दोन महिन्यांसाठी स्वस्तात मिळतात. तिथे तात्पुरतं उतरून खरं घर शोधावं. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक युरोही पाठवू नये, मग समोरचा कितीही घाई करो.

कागदवाला_पुणेकर

कागदांचा क्रम लिहितो, कारण क्रम चुकला की सगळं पुन्हा करावं लागतं.

व्हिसासाठी मिळकतीची अट स्पॅनिश किमान वेतनाच्या दुप्पट. २०२५ चं किमान वेतन १,१८४ युरो, वर्षाला १४ हप्ते, म्हणजे बारा महिन्यांत वाटून दुप्पट केल्यावर महिना सुमारे २,७६३ युरो. जोडीदारासाठी त्यावर सुमारे १,०३६, पुढच्या प्रत्येक माणसामागे सुमारे ३४५. दर वर्षी आकडा वाढतो. पगार रुपयांत असेल तर काठावर राहू नका, विनिमय दर जरा हलला की अर्ज अडतो.

कंपनी किमान एक वर्ष जुनी हवी, तिच्याशी तुमचं काम किमान तीन महिने चालू हवं, आणि 'स्पेनमधून काम करायला परवानगी आहे' असं स्पष्ट लिहिलेलं पत्र हवं. नुसतं 'घरून काम' लिहिलेलं चालत नाही. पदवी हवी किंवा तीन वर्षांचा अनुभव.

महाराष्ट्र-गोव्यातून अर्ज मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे जातो. पदवी आणि विवाह प्रमाणपत्र आधी राज्य पातळीवर साक्षांकित, मग परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्तिल, म्हणजे कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणूनचं प्रमाणन. पोलीस दाखला पासपोर्ट कार्यालयाचा असतो, त्यामुळे तो थेट अपोस्तिलला जातो. भाषांतर सगळ्यात शेवटी, कारण अपोस्तिलच्या चिकटपत्राचंही भाषांतर लागतं. आणि ते स्पॅनिश परराष्ट्र खात्याच्या यादीतल्या शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्या.

आता आपल्या लोकांचा खास घोळ, नावांचा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, वडिलांचं नाव, कधी आईचंही. पासपोर्टवर वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव 'दिलेल्या नावा'च्या रकान्यात. स्पॅनिश अर्जात दोन आडनावांचे रकाने असतात आणि खिडकीवरचा माणूस मधलं नाव हमखास पहिल्या आडनावात टाकतो. मग परकीयांचा ओळख क्रमांक एका नावाने, बँक दुसऱ्या, वीजबिल तिसऱ्या. पासपोर्टचं पान पुढे ठेवून 'दुसरं आडनाव रिकामं' असं पहिल्याच अर्जात करून घ्या, पुढे सगळीकडे तेच उतरतं. पदवी माहेरच्या नावाने असेल तर विवाह प्रमाणपत्र जोडा. त्याने भागत नसेल तर 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, अपोस्तिलसह.

रानजाई

उत्तम माहिती. एक शंका: नवरा पुण्यातल्या कंपनीत पगारी नोकर आहे. नोकर म्हणूनच जाता येईल का? आणि थेट तीन वर्षांचा परवाना मिळतो म्हणतात, तो कसा?

तुरियाकाठ

@रानजाई, शेवटच्या भागापासून. भारतातून घेतलेला व्हिसा जास्तीत जास्त एक वर्षाचा. स्पेनमध्ये कायदेशीर मुक्काम चालू असताना मोठ्या कंपन्यांच्या परवान्यांचं जे केंद्रीय कार्यालय आहे त्याच्याकडे ऑनलाइन अर्ज केला तर परवाना तीन वर्षांपर्यंतचा. त्यांना निर्णयाला कामाचे २० दिवस. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर अर्ज मंजूर धरतात. वर्षाचा व्हिसा घेऊन आलेल्यांनी तो संपण्याआधी हाच अर्ज करायचा.

पगारी नोकरीची अडचण आहे ती सामाजिक सुरक्षेची. फ्रान्स किंवा जर्मनीशी भारताचा जसा करार आहे, तसा असेल तर भारतातलं प्रमाणपत्र दाखवून स्पेनची वर्गणी टळते. स्पेनच्या बाबतीत तो मार्ग धरून चालू नका. मग पुण्याच्या कंपनीला स्पॅनिश सामाजिक सुरक्षेत नोंद करून तिथे वर्गणी भरावी लागते, आणि बहुतेक मनुष्यबळ विभाग याला हात लावत नाहीत. म्हणून बरेच जण नोकरीचं कंत्राटात रूपांतर करून 'आउतोनोमो', म्हणजे स्वतंत्र व्यावसायिक, म्हणून येतात. त्यात स्पॅनिश ग्राहकांकडून मिळणारी रक्कम एकूण कामाच्या २० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. हे रूपांतर अर्जाच्या किमान तीन महिने आधी व्हायला हवं, नाहीतर वरची तीन महिन्यांची अट मोडते.

हिशेबनीस

कराबद्दल सविस्तर लिहितो. इथे लोक घर-व्हिसा बघतात आणि कर नंतर बघू म्हणतात, ते महागात पडतं.

स्पेनचं करवर्ष जानेवारी ते डिसेंबर. त्या वर्षात १८३ पेक्षा जास्त दिवस इथे राहिलात की अख्ख्या वर्षाचे करनिवासी, अर्धं वर्ष वगैरे भानगड नाही. त्यामुळे जुलैचा पहिला आठवडा उलटल्यावर आलेला माणूस दिवसांच्या हिशेबाने त्या वर्षी सहसा निवासी ठरत नाही, मे महिन्यात आलेला ठरतो. बायकोमुलं किंवा मुख्य उत्पन्न स्पेनमध्ये असेल तर निव्वळ दिवस मोजून सुटका नाही.

निवासी झालात की जगभरचं उत्पन्न दाखवायचं. पुण्यातल्या फ्लॅटचं भाडं, मुदत ठेवींचं व्याज, म्युच्युअल फंड विकून झालेला नफा. भारतात करमुक्त असलेलं एनआरई खात्याचं आणि पीपीएफचं व्याज स्पेनमध्ये करमुक्त नाही. भारत-स्पेन दुहेरी कर करार आहे, भारतात भरलेल्या कराची वजावट मिळते. पण भारतात कर भरलाच नसेल तर वजावट कशाची?

मग येतो ७२० क्रमांकाचा नमुना. परदेशातली खाती, रोखे-विमा आणि स्थावर असे तीन गट. एखाद्या गटाची बेरीज ५०,००० युरोंच्या वर गेली की ३१ मार्चपर्यंत तो गट जाहीर करायचा. यावर कर नाही, ही फक्त माहिती. जुना अघोरी दंड युरोपीय न्यायालयाने जानेवारी २०२२ मध्ये रद्द ठरवला, जाहीर करायचं बंधन मात्र तसंच आहे. आपल्याकडे आई-वडिलांच्या ठेवींवर मुलाचं नाव सर्रास लावलेलं असतं. संयुक्त खात्यात तुमचा वाटा कितीही असो, मर्यादा पूर्ण शिलकीवर मोजतात. निघण्यापूर्वी अशा सगळ्या खात्यांची यादी काढा. कुठे निव्वळ नाव लावलंय, कुठे खरा पैसा तुमचा आहे, हे त्याच वेळी निस्तरा.

पगारी नोकर म्हणून आलेल्यांना आणखी एक दार उघडं असतं: आधीची पाच वर्षं स्पेनचे निवासी नसाल तर सहा लाख युरोंपर्यंतच्या कामाच्या मिळकतीवर सरसकट २४ टक्के, आलेलं वर्ष आणि पुढची पाच वर्षं. सामाजिक सुरक्षेत नोंद झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत १४९ क्रमांकाचा नमुना भरायचा. एक दिवस उशीर झाला तरी संधी गेली. ही सवलत घेतलेल्यांना ७२० भरावा लागत नाही. निव्वळ दूरस्थ कंत्राटी काम करणाऱ्या आउतोनोमोला ही सवलत मिळत नाही, त्याला कराचे नेहमीचे टप्पे लागू.

आउतोनोमोचं वर्ष चार तिमाहींचं. १३० नमुन्यात नफ्याच्या २० टक्के आगाऊ कर, ३०३ मध्ये मूल्यवर्धित कराचं विवरण. मुदत एप्रिल, जुलै, ऑक्टोबरच्या २० तारखेपर्यंत, शेवटची ३० जानेवारीपर्यंत. भारतीय कंपनीला दिलेल्या बिलावर स्पॅनिश मूल्यवर्धित कर लागत नाही, पण तसं बिलावर लिहावं लागतं आणि रक्कम ३०३ मध्ये दाखवावी लागते. सामाजिक सुरक्षेची नवख्यांची सवलतीची वर्गणी २०२५ पर्यंत पहिल्या वर्षी महिना ८० युरो आणि वर किरकोळ भर अशी होती. ती नोंद करतानाच मागायची, आणि काम सुरू केल्याची तारीख नोंदीच्या तारखेच्या आधीची निघाली तर सवलत जाते.

भारताकडची बाजू: कंपनी टीडीएस कापेल. तो टाळायला किंवा कमी करायला स्पेनचं करनिवासी प्रमाणपत्र आणि १०एफ नमुना द्यावा लागतो. प्रमाणपत्र मागताना 'भारताशी असलेल्या कराराच्या हेतूने' हा पर्याय निवडा, साधं प्रमाणपत्र पुरत नाही.

घाटावरची

कुठे राहावं यावर. बेनिमाक्लेत सगळे सुचवतात आणि तक्रारीला जागा नाही: मेट्रो ३ आणि ९, ट्राम ४ आणि ६, ट्रामने दोन्ही विद्यापीठं आणि समुद्र, विमानतळालाही ३ नंबरने थेट. पण दूरस्थ काम करणाऱ्याने पत्ता बघायचा तो रात्रीच्या आवाजासाठी. ब्लास्को इबान्येस रस्त्यालगतचा शुकेर चौक हा विद्यार्थ्यांच्या बारांचा भाग, गुरुवारी रात्री तिथे झोप विसरा. जुन्या गावातलं एल कार्मे तसंच. पहाटे भारताच्या वेळेवर बैठका असणाऱ्याने तिथे जाऊ नये.

शांत हवं तर पात्राइश, काम्पानार, किंवा आल्गिरोसचे आतले रस्ते. घर बघताना बेडरूम कुठे उघडते ते विचारा. 'आतली' खोली म्हणजे इमारतीच्या मधल्या उभ्या चौकात उघडणारी. रस्त्याचा आवाज नाही, पण सहा मजल्यांची भांडी, दूरदर्शन आणि फोन तिथे घुमतात. मायक्रोफोन ते सगळं पकडतो.

लिंबूटिंबू

बेनिमाक्लेतला मी तरी पहिली पसंती देणार नाही. भाडं फार चढलंय. बुर्जासोत बघा, विज्ञान शाखांचा परिसर तिथेच आहे, मेट्रोने मध्यात येता येतं.

आता वीज. जुन्या घरांत मंजूर भार बहुधा ३.४५ किलोवॅट असतो. इंडक्शनच्या दोन शेगड्या, २ किलोवॅटचा हीटर आणि वॉशिंग मशीन एकत्र चालू केलं की मीटर आतूनच पुरवठा तोडतो. घरातलं एकही बटण पडलेलं दिसत नाही, म्हणून लोक गोंधळतात. अशा वेळी एखादं यंत्र बंद करायचं, मुख्य खटका खाली करून काही सेकंदांनी वर करायचा, मीटर परत जोडतो. ४.६ वर भार वाढवून घेतला तर कटकट संपते. मात्र घरातल्या जोडणीचं प्रमाणपत्र २० वर्षांहून जुनं असेल तर आधी नवं लागतं, आणि ते मालकाकडून करून घ्यावं, म्हणून करार करतानाच विचारा.

तीन वेळांचा दर असेल तर सकाळी १० ते दुपारी २ आणि संध्याकाळी ६ ते १० सगळ्यात महाग. रात्री १२ ते सकाळी ८ आणि शनिवार-रविवार पूर्ण स्वस्त. धुणं, पाणी तापवणं तिकडे ढकला.

थंडीला हसू नका. बाहेर १२-१३ अंश असतं, पण घरात फरशी, विटा आणि दमट हवा. मध्यवर्ती उष्णता बहुतेक इमारतींत नाही. गरम हवाही देणारा एसी असलेलं घरच निवडा, त्याला साध्या हीटरच्या साधारण एक-तृतीयांश वीज लागते. उत्तरेकडच्या भिंतीवर बुरशी येते. घर बघायला गेलात की कपाट थोडं ओढून मागची भिंत बघा. नवा रंग फक्त तेवढ्याच कोपऱ्यात असेल तर समजून जा.

वायरमन

इंटरनेट. फायबर जवळपास सगळ्या शहरात आहे, ६०० मेगाबिट किंवा १ गिगाबिट सहज मिळतं. अडचणी वेगळ्या आहेत.

१) काही कंपन्या अनेक घरांना मिळून एकच सार्वजनिक आयपी पत्ता देतात. बाहेरून घरच्या यंत्रात शिरायचं असेल तर ते चालत नाही. थोडे पैसे जास्त देऊन स्वतंत्र पत्ता मागावा.

२) फुटबॉल. फेब्रुवारी २०२५ पासून ला लीगाच्या, म्हणजे स्पॅनिश फुटबॉल लीगच्या, सामन्यांच्या वेळी चोरटं प्रक्षेपण रोखायला, न्यायालयीन आदेशाच्या आधारे, इंटरनेट कंपन्या क्लाउडफ्लेअरचे (असंख्य साइटी जिच्या सेवेवर चालतात ती कंपनी) काही पत्ते अडवतात. त्याच पत्त्यांवरच्या निरपराध साइटीही बंद पडतात. शनिवार-रविवारी संध्याकाळी तुमचं एखादं साधन अचानक उघडेना झालं तर राउटरशी झटापट करू नका, सामना आहे का बघा. कंपनीचं व्हीपीएन चालू केलं की बहुधा प्रश्न सुटतो. शनिवार-रविवारी पाळी असणाऱ्यांनी कंपनीला आधीच सांगून ठेवा.

३) २८ एप्रिल २०२५ ला दुपारी १२:३३ ला स्पेन-पोर्तुगालची वीज एकदम गेली. मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपल्या तसतसं मोबाइलचं जाळंही गेलं. राउटरला यूपीएस लावणं छोट्या खंडापुरतं ठीक. अशा प्रसंगी उपयोगी पडतात ते घरातली थोडी रोकड, बॅटरीवर चालणारा रेडिओ आणि 'मी संपर्काबाहेर असलो तर काम कोण बघेल' हे आधी ठरवलेलं असणं.

रानजाई

वेळेचं गणित कसं बसतं? आणि घराबाहेर बसून काम करायला जागा?

घाटावरची

फरक हिवाळ्यात साडेचार तास, उन्हाळ्यात साडेतीन. भारतातली सकाळी ११ ची बैठक इथे हिवाळ्यात साडेसहाला, उन्हाळ्यात साडेसातला. भारतात संध्याकाळचे साडेसहा वाजतात तेव्हा इथे दोन किंवा तीन, म्हणजे बरोबर इथल्या जेवणाची वेळ. भारतासाठी काम करणाऱ्याची दुपार पूर्ण मोकळी राहते, हे या शहराचं मोठं सुख आहे. सकाळी ८ पर्यंत पालिकेच्या नियमाने रात्रच असते, तेव्हा पहाटे बोलताना भिंतीपलीकडच्यांचा विचार करा. अमेरिकेसाठी काम असेल तर मार्चचा दुसरा रविवार ते शेवटचा रविवार हा मधला काळ कॅलेंडरवर लाल करून ठेवा. त्यांचं घड्याळ आधी सरकतं आणि न्यूयॉर्कशी फरक सहाऐवजी पाच तासांचा होतो.

बसायला ग्रंथालयं उत्तम. व्हॅलेन्सिया विद्यापीठाचं तारोन्जेर्स परिसरातलं ग्रेगोरी मायान्स ग्रंथालय, ओस्पिताल रस्त्यावरचं जुन्या इस्पितळाच्या इमारतीतलं सार्वजनिक ग्रंथालय. पण तिथे फोनवर बोलता येत नाही, आणि जानेवारी, मे-जूनच्या परीक्षांत विद्यापीठाची दालनं आपल्या विद्यार्थ्यांपुरतीच ठेवली जातात. कॅफेत दहा ते साडेअकरा लॅपटॉप काढू नका. ती 'एस्मोरसार'ची वेळ: भलामोठा सँडविच, ऑलिव्ह, शेंगदाणे आणि शेवटी रम घातलेली कॉफी. टेबलं जेवणाऱ्यांसाठी असतात.

१ ते १९ मार्च फायास, या शहराचा मोठा उत्सव. रोज दुपारी २ ला पालिकेच्या चौकात मास्क्लेता, म्हणजे निव्वळ आवाजासाठी उडवलेले फटाके. १५ पासून तर गल्लोगल्ली मांडव, सकाळी आठला फटाक्यांनी जाग, रात्री संगीत. हे सगळं मनापासून बघण्यासारखं आहे, म्हणून १५ ते १९ रजाच घ्या. घर घेण्याआधी खाली फायासवाल्यांचा 'कासाल', म्हणजे त्यांच्या मंडळाची जागा, आहे का ते बघा, त्यांचा मांडव बरोबर तुमच्या खिडकीखाली येतो.

खमंग

स्वयंपाकघराचं कुणी लिहिलं नाही म्हणून. पाणी फार जड आहे. किटलीत पांढरा थर बसतो, आणि हरभरे, राजमा, तूरडाळ शिजायला हटून बसतात. डाळ गाळलेल्या किंवा बाटलीच्या पाण्यात भिजवा, हरभऱ्यांना चिमूटभर खायचा सोडा, शिट्ट्या दोन जास्त. भारतातून ॲल्युमिनियमचा साधा कुकर आणू नका, इंडक्शनला लागत नाही, स्टीलचा चपट्या तळाचा आणा. मिक्सरची तीन जाड पिनांची वायर इथल्या भिंतीत जात नाही. दाब २३० व्होल्टच आहे, त्यामुळे इथल्या इलेक्ट्रिशियनकडून चांगला १६ अँपिअरचा प्लग बदलून घ्या. प्रवासी अडॅप्टरवर मिक्सर चालवला तर तो वितळतो. कणीक, पोहे, डाळी रुसाफाच्या आसपासच्या दुकानांत मिळतात.

जुन्या घरात १२.५ किलोची नारिंगी गॅसटाकी असेल तर रबरी नळीवर छापलेलं वर्ष बघा. ते उलटलं असेल तर राहायला जाण्याआधी बदलून घ्या.

लिंबूटिंबू

पुराचंही लिहायला हवं. १९५७ च्या पुरानंतर तुरिया नदी शहराच्या दक्षिणेने वळवली, जुन्या पात्रात आज बाग आहे. २९ ऑक्टोबर २०२४ ला त्या नव्या पात्राच्या दक्षिणेकडची गावं, पाइपोर्ता, कातारोखा आणि शहराचाच ला तोरे हा भाग बुडाला, दोनशेहून अधिक माणसं गेली. मोबाइलवरचा इशारा रात्री ८ वाजून ११ मिनिटांनी आला तेव्हा बऱ्याच ठिकाणी पाणी आधीच शिरलं होतं. दक्षिणेकडे भाडं कमी दिसलं तर तळमजला घेऊ नका आणि प्रांत सरकारच्या पूर-नकाशावर पत्ता तपासा. पाऊस फार झाला तर गाडी काढायला तळघरात उतरायचं नाही. अनेक जीव तसेच गेले. फोनवरचे आपत्कालीन इशारे बंद करू नका.

रानजाई

सगळ्यांचे आभार. शेवटचं: हंगामी करारावर मालक 'पाद्रोन करायचं नाही' म्हणतो, तेव्हा काय? आणि सरकारी कामं ऑनलाइन करायला डिजिटल प्रमाणपत्र काढावंच का?

कागदवाला_पुणेकर

पाद्रोन हा हक्क आहे आणि कर्तव्यही. करार तुमच्या नावावर असेल तर मालकाची परवानगी लागत नाही, करारात तसं कलम घातलं तरी पालिका ते बघत नाही. करार, पासपोर्ट आणि अर्ज घेऊन भेटीची वेळ ठरवून जा. सकाळी लवकर साइट उघडली तर रद्द झालेल्या वेळा मिळतात. वाद नको असेल तर सही करण्यापूर्वीच विचारा, आणि नाही म्हणाला तर दुसरं घर बघा.

तीन वर्षांचा परवाना मिळाला की महिन्याच्या आत पोलिसांकडे बोटांचे ठसे देऊन ओळखपत्र घ्यायचं. नमुना १७, शुल्क ७९० ०१२ भरल्याची पावती, एक फोटो, परवान्याचा आदेश, आणि पाद्रोनचा ताजा दाखला जवळ असू द्या.

डिजिटल प्रमाणपत्र काढाच. ते स्पेनची सरकारी टांकसाळ देते. संगणकावर तिचं छोटं सॉफ्टवेअर बसवायचं, ऑनलाइन विनंती करायची, मिळालेला कोड आणि ओळखपत्र घेऊन कार्यालयात जायचं, मग घरी येऊन उतरवून घ्यायचं. विनंती आणि उतरवणं दोन्ही त्याच संगणकावर, त्याच वापरकर्ता खात्यातून. मध्ये संगणक नव्याने बसवला, किंवा कंपनीच्या लॅपटॉपवर काढलं आणि त्यांनी तो परत मागवला, तर पहिल्यापासून सुरुवात. उतरवल्याबरोबर खासगी किल्लीसकट एक प्रत पासवर्ड लावून वेगळ्या जागी ठेवा.